विश्लेषण : जुने पोर्टेबल टाइपरायटर पुन्हा चालू होत आहेत, पण ते दुरुस्त करणारे हात किती दिवस पुरणार?

माळ्यावर, कपाटामागे किंवा भंगारवाल्याच्या गाडीवर एखादी चपटी पेटी सापडते. कडी उघडली की आत कळांच्या चार रांगा, वाळलेली रिबन आणि जुन्या तेलाचा वास. पूर्वी अशी पेटी किलोच्या भावाने जायची. आता ती घासूनपुसून, दुरुस्त करून पुन्हा टाइप करण्यासाठी वापरणाऱ्यांचा एक वर्ग जगभर तयार झाला आहे. समाजमाध्यमांवर अशा यंत्रांची छायाचित्रे फिरतात, जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना भाव येतो. हा केवळ गतकाळाचा उमाळा आहे का? यंत्र ‘रिस्टोअर’ करणे म्हणजे नेमके काय करणे? आणि मराठी कळफलकाच्या यंत्रांचे काय होणार? या प्रश्नांचा हा आढावा.

पेटीतला टाइपरायटर आला कुठून?

अमेरिकेतील मिलवॉकी शहरातील ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टाइपरायटरचे पेटंट २३ जून १८६८ रोजी मिळाले. पुढे बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ पासून हे यंत्र बाजारात आणले. कचेऱ्यांमध्ये ते रुळले, पण त्याचे वजन पंधरा किलोच्या घरात. टेबलावर एकदा ठेवले की ते तिथलेच होऊन जाई. वार्ताहर, फिरते विक्रेते, लष्करी अधिकारी आणि लेखक यांना मात्र सोबत नेता येईल असे यंत्र हवे होते.

१९१२ मध्ये आलेल्या ‘कोरोना ३’ या अमेरिकी यंत्राने त्यावर उपाय काढला. त्याचा कागद धरणारा भाग, म्हणजे कॅरेज, पुढे कळफलकावर दुमडता येत असे आणि सगळे यंत्र छोट्या पेटीत मावत असे. पहिल्या महायुद्धात ते वार्ताहरांसोबत आघाडीवर फिरले. मात्र त्यात कळांच्या तीनच रांगा होत्या. १९२० मध्ये रेमिंग्टनने कचेरीतल्या यंत्रासारखा चार रांगांचा कळफलक पोर्टेबलमध्ये बसवला आणि टंकलेखन शिकलेल्या कोणालाही ते यंत्र वेगळी सवय न करता वापरता येऊ लागले. १९३५ मध्ये स्वित्झर्लंडच्या पाइयार कंपनीने ‘हर्मीस बेबी’ हे अतिशय बुटके, चार किलोंहून कमी वजनाचे यंत्र आणले. १९५० मध्ये इटलीतल्या इव्हरेआ गावच्या ऑलिव्हेट्टी कंपनीचे ‘लेट्टेरा २२’ आले. मार्चेल्लो निझोली यांनी त्याचे बाह्यरूप घडवले, तर ज्युसेप्पे बेक्किओ यांनी आतली यंत्रणा. १९५४ मध्ये त्याला इटलीचा ‘कंपास्सो दोरो’ हा रचनाक्षेत्रातील मानाचा पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने घेतलेल्या कौलात, गेल्या शंभर वर्षांतील सर्वोत्तम रचनेची वस्तू म्हणून त्याची निवड झाली.

संग्राहक आज ज्या यंत्रांच्या मागे असतात ती बहुतेक १९२० ते १९७० या पन्नास वर्षांतली आहेत. लेट्टेरा, हर्मीस ३०००, ऑलिंपियाची एसएम मालिका, स्मिथ-कोरोना, रॉयल ही त्यातली नेहमीची नावे.

पुन्हा ओढ लागण्याचे कारण काय?

कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण एकाग्रतेचे. टाइपरायटरवर सूचना वाजत नाहीत, दुसरी खिडकी उघडत नाही आणि लिहिलेले खोडणे कष्टाचे असते. त्यामुळे वाक्य आधी डोक्यात जुळवावे लागते. ‘लोन्सम डव्ह’चे लेखक लॅरी मॅकमर्ट्री यांनी २००६ मध्ये ‘ब्रोकबॅक माउंटन’च्या पटकथेसाठी गोल्डन ग्लोब स्वीकारताना आपल्या हर्मीस ३००० यंत्राचे जाहीर आभार मानले होते. दुसरे कारण प्रसिद्धीचे. अभिनेता टॉम हँक्स हा या यंत्रांचा मोठा संग्राहक. २०१६ च्या ‘कॅलिफोर्निया टाइपरायटर’ या माहितीपटात तो दिसतो, आणि २०१७ मध्ये आलेल्या त्याच्या कथासंग्रहातल्या प्रत्येक कथेत टाइपरायटर डोकावतो. गेल्या काही वर्षांत तर त्याने आपल्या संग्रहातील यंत्रे दुरुस्तीच्या दुकानांना भेट द्यायला सुरुवात केली आहे.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे, तरी सर्वात कमी बोलले जाणारे. टाइपरायटर उघडला की तो समजतो. कळ दाबली, तरफ हलली, अक्षराचा दांडा उचलला गेला, रिबनवर आदळला, कागदावर ठसा उमटला. प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते. मोबाइलचे मागचे झाकणही ज्या पिढीला उघडता येत नाही, त्या पिढीला पाऊणशे वर्षांपूर्वीचे यंत्र स्क्रू ड्रायव्हरने उघडून पुन्हा चालू करता येते, याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी तरफा, स्प्रिंगा, दातेरी चाके फळ्यावर शिकवली जातात. ती सगळी इथे एका पेटीत काम करताना दिसतात.

एका यंत्राची किंमत अडीच लाख डॉलर कशी?

अमेरिकी कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांनी जवळपास सगळे लेखन एका ऑलिव्हेट्टी लेट्टेरा ३२ वर केले. त्यांच्या सांगण्यानुसार ते यंत्र त्यांनी पन्नास डॉलरला घेतले होते. डिसेंबर २००९ मध्ये ‘ख्रिस्तीज’च्या लिलावात ते २ लाख ५४ हजार ५०० डॉलरला विकले गेले आणि ती रक्कम सांता फे इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेला देण्यात आली. पण गंमत पुढे आहे. मॅकार्थी यांना लिहायला दुसरे यंत्र हवे होते. एका मित्राने त्यांना त्याच बनावटीचे यंत्र वीस डॉलरहून कमी किमतीत आणून दिले.

म्हणजे लिलावातली किंमत यंत्राची नव्हती, त्यावर बसलेल्या माणसाची होती. नव्या संग्राहकाने हे लक्षात ठेवले तर तो बऱ्याच फसवणुकीतून वाचेल. कारखान्यांनी ही यंत्रे लाखोंच्या संख्येने बनवली. निव्वळ जुने आहे म्हणून यंत्र दुर्मीळ होत नाही. ते चालते का, त्याचे सगळे भाग मूळचे आहेत का, त्याचा कळफलक वेगळा आहे का, यावर खरे मूल्य ठरते. बहुतेक यंत्रांवर अनुक्रमांक कोरलेला असतो आणि संग्राहकांनी इंटरनेटवर जमवलेल्या याद्यांवरून त्याचे उत्पादनवर्ष शोधता येते.

यंत्र बिघडते कुठे?

त्यासाठी आधी ते चालते कसे, हे दोन ओळींत पाहू. कॅरेजला एका दोरीने किंवा पट्टीने घट्ट गुंडाळलेली मोठी स्प्रिंग सतत डावीकडे ओढत असते. एक दातेरी चाक आणि त्यात अडकणारे दोन खटके तिला थोपवून धरतात. कळ दाबली की खटका सुटतो, चाक एकच दात पुढे जाते आणि कॅरेज एका अक्षराइतकी सरकते. घड्याळात काटा टप्प्याटप्प्याने पुढे नेणारी एस्केपमेंट नावाची यंत्रणा असते, ती हीच. इंचाला दहा अक्षरे असतील तर हे पाऊल २.५४ मिलिमीटरचे, बारा असतील तर सुमारे २.१२ मिलिमीटरचे.

बिघाड साधारण चार ठिकाणी होतात.

पहिला, अक्षरे अडकणे. अक्षरांचे दांडे ज्या अर्धगोल पट्टीच्या अरुंद खाचांतून उठतात, तिथे जुने तेल आणि धूळ मिळून डिंकासारखा थर होतो. दांडा उठतो, पण परत खाली येत नाही. ‘यंत्र गंजले आहे, टाकून द्या’ असा सल्ला मिळतो, तेव्हा बहुतेक वेळा रोग एवढाच असतो.

दुसरा, कॅरेज न सरकणे. यात अनेकदा ओढणारी दोरी तुटलेली असते किंवा स्प्रिंगचा पीळ सैल झालेला असतो.

तिसरा, रोलर दगडासारखा होणे. ज्या रबरी रोलरवर कागद टेकतो, त्याचे रबर काही दशकांत कडक होते. मग आवाज वाढतो, कागद घसरतो आणि पूर्णविरामाच्या जागी कागदाला भोक पडते.

चौथा, रिबन. ती वाळते. पण सुदैवाने बहुसंख्य यंत्रांना अर्धा इंच रुंदीची एकच रिबन चालते आणि ती अजून मिळते.

घरी काय करावे आणि काय करू नये?

सुरुवात हवेने आणि ब्रशने करावी. उजेड भरपूर हवा. कोणताही स्क्रू काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. अडकणाऱ्या खाचांमध्ये मिनरल टर्पेंटाइन ब्रशने थोडे थोडे सोडून दांडा पुन्हा पुन्हा वरखाली करावा. मळ सुटत जातो. हे काम खिडकी उघडी ठेवून, गॅस-उदबत्तीपासून लांब करावे, कारण द्रव ज्वालाग्राही आहे.

इथे होणारी सर्वात मोठी चूक म्हणजे घरातले शिलाई मशीनचे तेल किंवा गंज सोडवणारा फवारा त्या खाचांमध्ये मारणे. दोन दिवस यंत्र पळते, मग तेलावर धूळ बसते आणि पूर्वीपेक्षा घट्ट लेप तयार होतो. अक्षरांच्या खाचा कोरड्याच राहायला हव्यात. तेलाचा एखादा थेंब कॅरेजच्या रुळांसारख्या मोजक्या जागी पुरतो.

दुसरी चूक रसायनांची. नखांचा रंग काढणारे ॲसिटोन प्लास्टिकच्या कळा विरघळवते. स्पिरिट जुना रंग आणि सोनेरी अक्षरे उडवू शकते. बाहेरच्या पत्र्याला ओलसर मऊ कापड आणि सौम्य साबण एवढेच पुरेसे असते.

तिसरी चूक घाईची. कॅरेजची दोरी सोडताना मुख्य स्प्रिंग हातातून सुटली तर ती क्षणात उलगडते, स्वतः तुटते आणि बोटांनाही इजा करते. स्प्रिंगचे फेरे मोजून, धरून सोडावे लागतात. ज्याला हे जमत नाही त्याने ते जाणकारावर सोडावे. वाकलेला दांडा पकडीने सरळ करण्याचा मोहही टाळावा. एक दांडा सरळ करताना शेजारचे दोन बिघडतात.

कडक रोलरवर तात्पुरता उपाय सोपा आहे. टाइप करायच्या कागदामागे आणखी एक-दोन कोरे कागद लावावेत. कायमचा उपाय म्हणजे रोलरवर नवे रबर चढवणे. अमेरिकेत हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्याकडे छपाईयंत्रांचे रोलर नव्याने मढवून देणाऱ्या कारागिरांकडे विचारणा करता येते. मात्र जाडी मूळच्याइतकीच हवी. व्यास एका मिलिमीटरने वाढला तर परिघ तीन मिलिमीटरहून अधिक वाढतो. ओळींमधले अंतर बदलते आणि अक्षर कागदावर आदळण्याची जागाही सरकते.

आणखी एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. जुनी रिबन फेकावी, तिच्या धातूच्या चकत्या मात्र कधीही फेकू नयेत. रिबनची रुंदी सगळीकडे सारखी असली तरी चकत्या यंत्रागणिक वेगळ्या असतात. नवी रिबन जुन्या चकतीवर गुंडाळता येते, पण हरवलेली चकती सहज मिळत नाही.

दुरुस्ती आणि रंगरंगोटी यांत फरक काय?

बाजारात ‘पूर्ण रिस्टोअर केलेला’ म्हणून विकले जाणारे प्रत्येक यंत्र टाइप करतेच असे नाही. चकचकीत नवा रंग, पॉलिश केलेले निकेल आणि आत अडकलेले दांडे, असा प्रकारही दिसतो. मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही आणि त्यासोबत कंपनीची चिन्हे, वापराच्या खुणा, कधी दुकानदाराची चिकटपट्टीही जाते. जाणते संग्राहक म्हणूनच मूळ रंग टिकवतात, भले त्याचे चार टवके उडालेले असोत.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे काचेच्या गोल कळा कापून त्यांच्या अंगठ्या, कानातले आणि बाहीची बटणे बनवणे. चार दागिन्यांसाठी एक अख्खे यंत्र मरते. कोणी म्हणेल, ज्याचे यंत्र त्याची मर्जी. ते खरेच आहे. पण भंगारात निघालेल्या, मोडक्या यंत्राच्या कळा वापरणे वेगळे आणि तासाभराच्या साफसफाईने चालू झाले असते असे यंत्र कापणे वेगळे.

या सगळ्यातून एक साधी कसोटी निघते. यंत्रावर एक पान सलग, न अडखळता टाइप करता आले तर ते दुरुस्त झाले. नसेल, तर ती शोभेची वस्तू आहे. शोभेची वस्तू ठेवायलाही हरकत नाही, फक्त तिला दुरुस्त म्हणू नये.

भारताचे आणि महाराष्ट्राचे नाते काय?

मुंबईच्या गोदरेज अँड बॉइसने १९५५ मध्ये भारतात बनवलेला टाइपरायटर आणला आणि स्वतंत्र देशाच्या औद्योगिक क्षमतेचे ते एक प्रतीक ठरले. चेन्नईच्या रायला कॉर्पोरेशनने ‘हाल्डा’ यंत्रे बनवली. रेमिंग्टन तर आधीपासूनच होते. कचेऱ्या, न्यायालये आणि टायपिंग इन्स्टिट्यूट यांच्यासाठी बनलेली ही यंत्रे मुख्यतः टेबलावरची, दणकट. पेटीतली पोर्टेबल यंत्रे आपल्याकडे बरीचशी परदेशातून आली, म्हणूनच आज ती घराघरांतून एकेकटी सापडतात.

सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यात गोदरेजचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. २०११ मध्ये त्याची बातमी जगभर ‘शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशी पसरली. ती पूर्ण खरी नव्हती, इतरत्र काही कंपन्या अजून यंत्रे बनवत होत्या. ब्रिटनमधील ब्रदर कंपनीचे शेवटचे यंत्र नोव्हेंबर २०१२ मध्ये बाहेर पडले आणि लंडनच्या सायन्स म्युझियमला देण्यात आले. पण आपल्यासाठी शिरवळचे बंद होणे हा एका युगाचा शेवटच होता. पाठोपाठ २०१७ मध्ये राज्यातील टंकलेखन यंत्रावरची सरकारी परीक्षा संपली आणि तिची जागा संगणकावरील टंकलेखनाने घेतली. ज्या परीक्षेच्या जोरावर गावोगावच्या इन्स्टिट्यूट चालत होत्या, ती गेल्यावर यंत्रे ठेवण्याचे कारण उरले नाही. सकाळ-संध्याकाळ तासाच्या हिशेबाने ज्या खोल्यांमधून खडखडाट ऐकू यायचा, तिथे संगणक आले आणि यंत्रे भंगारात गेली.

या निर्णयात गैर काही नव्हते. कचेरीत यंत्र नसताना विद्यार्थ्याने त्यावर परीक्षा का द्यावी? प्रश्न परीक्षेचा नाही, तिच्यासोबत काय गेले याचा आहे.

देवनागरी यंत्र वेगळे का?

इंग्रजीची छोटी-मोठी मिळून बावन्न अक्षरे, अंक आणि चिन्हे चव्वेचाळीस कळांवर आरामात बसतात. कित्येक जुन्या यंत्रांवर तर एकच्या अंकाची कळही नसे. छोटे ‘एल’ अक्षर तेच काम करी. देवनागरीत व्यंजने, स्वर, काना-मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांची संख्या तेवढ्याच कळांत मावणे अशक्य होते. त्यावर रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकाने हुशारीने तोडगा काढला. भ, ध, थ, श, ण यांसारखी अक्षरे पूर्ण न देता त्यांचे अर्धे रूप दिले. त्याला काना जोडला की अक्षर पूर्ण. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा ‘स्थिर’ ठेवल्या. त्या दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकत नाही, त्यामुळे खूण अक्षराच्या वर किंवा खाली बसते. ऱ्हस्व वेलांटी मात्र अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती कागदावर आधी दिसते.

थोडक्यात, टाइपरायटर अक्षरे दिसतात त्या क्रमाने लिहितो, तर आजचे युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘कि’ टाइप करताना यंत्रावर आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. डीटीपीच्या काळातले अनेक फाँट यंत्राच्याच मार्गाने गेले आणि म्हणून त्या फाँटमधला मजकूर आजच्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसते. ही रोजची डोकेदुखी नेमकी कुठून आली, हे समजायचे असेल तर देवनागरी टाइपरायटरच्या कळांकडे पाहावे लागते.

दुरुस्तीच्या बाजूनेही फरक मोठा आहे. इंग्रजीत एखादे अक्षर केसभर वरखाली झाले तर डोळा ते माफ करतो. मराठीत शिरोरेषा असते. एक दांडा किंचित वाकला की रेषा तुटते आणि सगळी ओळ दातपडकी दिसते. त्यामुळे देवनागरी यंत्राची जुळणी अधिक नेमकी लागते. इंग्रजी यंत्राचे मराठी यंत्र करायचे तर दांड्यांच्या टोकांना झाळलेले अक्षरांचे ठसे बदलून भागत नाही. स्थिर कळांसाठी कॅरेज सोडणाऱ्या यंत्रणेतही बदल करावा लागतो. ज्याने हे काम वर्षानुवर्षे केले त्याच्याच हाताला ते येते.

मग टंचाई नेमकी कशाची?

इंग्रजी पोर्टेबल यंत्रांची टंचाई नाही. ती जगभर आहेत, त्यांची माहितीपुस्तके इंटरनेटवर आहेत, दुरुस्तीच्या चित्रफिती आहेत. रिचर्ड पोल्ट या अमेरिकी प्राध्यापकांनी २०१५ मध्ये या छंदावर ‘द टाइपरायटर रेव्होल्यूशन’ नावाचे पुस्तकही लिहिले. भारतातील टाइपरायटरची कहाणी गोदरेजच्या पुढाकाराने २०१६ मध्ये पुस्तकरूपात आली.

टंचाई आहे ती देवनागरी यंत्रांची आणि त्याहून अधिक ती जुळवणाऱ्या मेकॅनिकांची. हे लोक कारखान्यात, कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकले. कोणता दांडा किती दाबायचा, कोणत्या खटक्याला कानस लावायची, हे त्यांच्या बोटांत आहे, कागदावर नाही. नवे काम नसल्याने नवा शिकाऊ येत नाही. शेवटचा मेकॅनिक निवृत्त झाला की चालू शकणारी यंत्रेही बंद पडतील आणि मग त्यांना भंगार म्हणणे खरे ठरेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या यंत्राचे काम संगणक शंभर पटींनी चांगले करतो, त्यासाठी एवढा आटापिटा कशाला? उत्तर असे की कोणीही कचेऱ्यांत टाइपरायटर परत आणा म्हणत नाही. बैलगाडी, रहाट, हातमाग आपण संग्रहालयात जपतो ते परत वापरायला नव्हे, तर मराठी माणसाने काम कसे केले हे कळावे म्हणून. सरकारी आदेश, न्यायालयीन अर्ज, एकांकिकांच्या संहिता आणि लग्न जुळवणारी परिचयपत्रे दशकानुदशके ज्या यंत्रावर टाइप झाली, ते यंत्र त्याच यादीत बसते. शिवाय वस्तू दुरुस्त करून वापरण्याच्या हक्काची चर्चा आज आपणच करतो आहोत. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले. दुरुस्त करता येईल अशी वस्तू कशी असते, याचे जिवंत उदाहरण शोधायला लांब जाण्याची गरज नाही.

घेणाऱ्याने काय पाहावे?

पेटी उघडून प्रत्येक कळ एकदा दाबावी आणि दांडा परत येतो का पाहावे. कॅरेज उजव्या टोकाला नेऊन स्पेसबारने डाव्या टोकापर्यंत सोडावी, मध्ये कुठे उडी मारते किंवा थांबते का पाहावे. शिफ्ट दाबून वरची अक्षरे एका रेषेत येतात का, हे कागदावर पाहावे. रोलरवर नख दाबावे, थोडे दबले तर रबर जिवंत आहे. दोन्ही चकत्या जागेवर आहेत का पाहावे. थोडा गंज चालतो, गहाळ भाग चालत नाही. कुरियरने मागवायचे असेल तर कॅरेज बांधून, हलणार नाही अशी पेटी भरायला सांगावे. पन्नास वर्षे टिकलेली यंत्रे दोन दिवसांच्या प्रवासात मोडल्याची उदाहरणे या छंदात भरपूर आहेत.

काय करता येईल?

फार खर्चाची गोष्ट नाही. बंद पडलेल्या इन्स्टिट्यूट, पंचायत समित्या, न्यायालये आणि महाविद्यालये यांच्या अडगळीत असलेली मराठी यंत्रे भंगाराच्या लिलावात काढण्यापूर्वी एकदा त्यांची यादी व्हावी. त्यातली निवडक यंत्रे जिल्हा ग्रंथालये आणि संग्रहालयांना द्यावीत आणि ती काचेआड न ठेवता चालू ठेवावीत, म्हणजे शाळकरी मुलाला स्वतःचे नाव टाइप करून पाहता येईल. हयात असलेल्या मेकॅनिकांचे काम आयटीआय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांनी चित्रफितीत नोंदवावे आणि त्यांना त्याचे मानधन द्यावे. चार विद्यार्थ्यांनी एका उस्तादासोबत एक यंत्र उघडून पुन्हा जुळवले, तर तो प्रकल्प फळ्यावरच्या अनेक आकृत्यांहून अधिक शिकवेल.

घरात पेटी असेल तर तेवढे थांबण्याचीही गरज नाही. ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वी उघडावी, ब्रश मारावा, नवी रिबन घालावी. चालली तर वापरावी किंवा वापरणाऱ्याला द्यावी. नाही चालली, तर आपल्या शहरात जो कोणी जुना मेकॅनिक अजून दुकान उघडतो, त्याच्याकडे न्यावी. त्याच्याकडे काम जात राहिले तरच ते दुकान चालू राहील.